ठिणग्यांच्या बाजूने

हसायला त्यांना उशीर झाला. फार नाही. सगळी खोली हसून झाली, लोक खुर्च्यांत सावरून बसायला लागले, तेव्हा ते हसले, एवढंच. पण ती त्यांच्या समोरच, खिडकीखालच्या खुर्चीत बसली होती आणि तिला ते दिसलं. आधी त्यांचे डोळे या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर फिरले, परक्या घरात अंधारात दिव्याचं बटण चाचपडणाऱ्या हातासारखे. मग काहीतरी हाताला लागल्यासारखं झालं, आणि मग हसू आलं. संस्थेतल्या आठवड्याच्या चर्चेची ती वेळ. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीवर पांढरा पडदा, टेबलावर निवत चाललेले चहाचे कप. नुकतीच नोकरीला लागलेली एक संशोधक मुलगी सूर्याच्या प्रभामंडलावरचं आपलं काम सांगून थांबली होती. नव्या दुर्बिणीच्या चित्रांत तिला बारीक बारीक चमका सापडल्या होत्या, आणि त्यांच्या आडोशाने आणखी बारीक, न दिसणाऱ्या ठिणग्या असणार, असं तिचं म्हणणं होतं. प्रश्न विचारा म्हटल्यावर सगळ्यांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं, कारण पहिला प्रश्न नेहमी त्यांचा. ते उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ठिणग्या, ठिणग्या म्हणताय. दिसत तर... एकही नाही. मग आहेत कशावरून?" आणि खाली बसले. हे वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचं. 'दिसत तर'नंतरचं ते थांबणंसुद्धा तिचंच. गेली कित्येक वर्षं ती हे वाक्य त्यांना ऐकवत आली होती, कारण ठिणग्यांचा पक्ष त्यांचा होता. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याने मॅडमची नक्कल केली. "सर, आज मॅडमना चांगलंच पकडलंत," संचालक म्हणाले. तीही हसली. तिचं हसणं मात्र वेळेवर आलं होतं, आणि ते तोंडावर तसंच राहून गेलं, कढ येऊन गेलेल्या दुधावरच्या सायीसारखं.

भांडण काय होतं ते लहान मुलालाही सांगता येण्यासारखं आहे, आणि ती ते सांगतही असे. शेगडीपासून लांब गेलात तर काय वाटेल, गार की गरम? मुलं ओरडतात, "गार!" बरोबर. सूर्याचं मात्र उलटं आहे. त्याचा जो भाग आपल्याला गोल तबकडीसारखा दिसतो तो काही हजार अंशांवर तापलेला आहे. त्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, एक अगदी विरळ पडदा आहे, एरवी दिसत नाही, ग्रहणात चंद्राने तबकडी झाकली की मोत्याच्या रंगाचा होऊन चहूकडे पसरलेला दिसतो. तेच प्रभामंडल. ते दहा-वीस लाख अंश तापलेलं असतं. म्हणजे शेगडीला खेटून बसलेल्याला नुसती ऊब, आणि दाराबाहेर उभा असलेला भाजून निघतो! असं का? इथे मुलं गप्प होतात, आणि इथेच मोठी माणसं भांडायला लागतात. सूर्याच्या अंगातून चुंबकीय रेषा वर निघालेल्या असतात, जमिनीत रोवलेल्या दोऱ्यांसारख्या. खाली सगळं खदखदत असतं. तिचा पक्ष म्हणे, खालून हिसका बसला की दोरीतून लाट जाते, वर जाऊन मोडते आणि तिथे आपली शक्ती टाकते. त्यांचा पक्ष म्हणे, खालच्या खदखदीने दोऱ्यांचे पाय इकडे तिकडे सरकतात, वर त्यांचा गुंता होतो, पीळ बसतो, आणि पीळ सोसेनासा झाला की त्या तटकन तुटून दुसरीकडे जोडल्या जातात. तिथे ठिणगी पडते. एकेकटी ठिणगी इतकी लहान की कुठल्या दुर्बिणीला दिसू नये, पण अशा अगणित. त्यांनी तिचं नाव लाटाबाई ठेवलं, तिने त्यांचं ठिणगोबा. लाटांत शक्ती पुरेशी आहे हे दिसलं होतं, पण त्या वर जाऊन नेमक्या मोडतात कशा हे तिला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. ठिणग्या पटण्यासारख्या होत्या, पण त्यांना त्या मोजून दाखवता येत नव्हत्या. मध्येच कोणी समजूतदार माणूस म्हणे, दोन्हीही थोडं थोडं खरं असेल. आणि मग दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडत. त्यांचं एकमत व्हायची तेवढीच एक जागा होती.

संस्थेच्या फाटकातून बाहेर पडून ती नेहमीच्या रस्त्याने चालू लागली. दुकानांच्या काचा, कुंड्यांची ओळ, चपला दुरुस्त करणारा माणूस, दारात कुत्र्याला अंघोळ घालणारी बाई. सगळं जागच्या जागी होतं आणि तरीही कोणीतरी सगळं उचलून, खाली झाडून, परत नीट ठेवल्यासारखं. एकदा बोलताना चूक झाली म्हणून काय झालं, ती स्वतःशीच म्हणाली. परवा तीच दुधाच्या भांड्याऐवजी चष्म्याचं घर फ्रिजमध्ये ठेवून बसली होती. पण ती चूक होती; ही चूक नव्हती, कारण त्यांना ते वाक्य बरोबर वाटलं होतं. ते तोंडातून निसटलं नव्हतं. ते पटून बोलले होते. मग तिला गेल्या वर्षीचा तो अभिप्राय आठवला. तिचा लेख नियतकालिकाकडे गेला की तो तपासायला कोणाकडे जातो ते लेखकाला सांगत नाहीत. पण तिला पहिल्या ओळीतच कळे. लेखावर इतका त्वेषाने, इतक्या आपुलकीने तुटून पडणारा जगात एकच माणूस होता. ते एकेक समीकरण हाडं मोजल्यासारखं तपासत, आणि ती आठवडाभर फणफणत राही, आणि शेवटी लेख आधीपेक्षा चांगला होई. तीही त्यांच्या लेखांचं तेच करी. गेल्या वर्षी मात्र दोनच ओळी आल्या होत्या. काम उत्तम आहे, जसंच्या तसं छापावं. तेव्हा ती हरखली होती. घरभर हिंडली होती, कपाटाच्या काचेत बघून स्वतःला म्हणाली होती, नमवलं ठिणगोबाला शेवटी! आता चालता चालता त्या दोन ओळी तिला पुन्हा दिसल्या. तो चांगुलपणा नव्हता. तिथे कोणी नव्हतंच.

तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायची, सूर्याचं प्रकरण मिटू दे, मग बघू. विनोद जुना झाला, विचारणारे संपले, प्रकरण काही मिटलं नाही. घरात आल्यावर ती दिवा न लावताच पाणी प्यायली, आणि तिला तो डोंगर आठवला. दोघंही तरुण होती, एका ग्रहणाच्या मोहिमेवर गेली होती, आणि तोवर ओळख जेमतेमच. पेट्या उतरवताना भांडायला सुरुवात झाली होती. दुर्बिणी लावल्या, काचा पुसल्या, सराव केला, सगळं काही झालं आणि ऐन वेळी ढग आला. दिवसाउजेडी अंधार झाला, पाखरं गप्प झाली, अंगावरून थंडगार झुळूक गेली आणि वर नुसती राखाडी गोधडी. कोणी खाली बसलं, कोणी शिव्या दिल्या. मोहिमेचे प्रमुख चक्क रडत होते. तिचा चेहराही तसाच झाला असावा, कारण ते शेजारून हळूच म्हणाले, "बरं झालं ना. आता आणखी काही वर्षं भांडता येईल." अंधार सरला तेव्हा ती हसत होती आणि प्रमुख तिच्याकडे रागाने बघत होते. ती काही वर्षं म्हणता म्हणता सगळं आयुष्य झालं. त्यात प्रेम होतं का, असं तिने स्वतःला क्वचित विचारलं होतं, आणि दर वेळी तिला तो शब्द ढगळ वाटला होता, दुसऱ्याच्या मापाने शिवलेला. ती सकाळी उठून काही विचार करू लागली की त्यांचा आवाज तिच्या डोक्यात म्हणे, "कशावरून?" एवढंच होतं. तेवढ्यावर ती जगत आली होती.

दोन दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ती त्यांना पहिल्यापासून वहिनीच म्हणे. वहिनींनी तिला बाहेरच्या खोलीत न बसवता थेट स्वयंपाकघरात नेलं आणि मटार सोलायला तिच्यापुढेही ताटली सरकवली.

"आलात? मला वाटलंच होतं. कोणाच्या लक्षात आलं तर तुमच्याच येईल."

"कधीपासून?"

"नेमकं काय सांगू? वर्ष झालं असेल, जास्तही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू होईल. काय हळूहळू, ते सांगत नाहीत." वहिनींनी एक शेंग फोडली. "परवा मला विचारतात, या घरातल्या बाई कुठे गेल्या? म्हटलं, मीच ती. तर म्हणाले, असं होय, मग ठीक आहे. आणि बसले पेपर वाचत. मला आधी हसूच आलं हो. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले."

"आणि कामाचं?"

"सूर्याचं सगळं पाठ आहे. फक्त कुठलं कोणाचं ते मिसळतं. सकाळी ठिणग्या असतात, दुपारी कधी कधी लाटा. मी म्हणते, काहीही असू द्या, तापतोय ना सूर्य? मग झालं तर."

मटार ताटलीत टपटपत होते. बाहेरच्या खोलीतून त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला तशा वहिनी पुढे झुकल्या. मुलांचा दिवस जवळ आला होता. वर्षातून एकदा संस्थेचं फाटक शाळेच्या मुलांना उघडं असे, आणि त्या दिवशी मोठ्या दालनात मुलांसमोर ती आणि ते भांडत. हा कार्यक्रम त्यांनीच सुरू केला होता. शेवटी मुलांनी हात वर करून कौल द्यायचा, आणि हरेल त्याने फळा पुसायचा. "संचालकांचा फोन आला, हे हो म्हणून बसले," वहिनी म्हणाल्या. "तेव्हापासून रोज दाढी करतात. कोट काढून बघतात. इतकं खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नाही. नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मोडता घालायचा तर तुम्ही घाला. पण होऊ दिलंत आणि सगळ्यांसमोर त्यांचं हसं झालं, तर मी तुम्हाला कधी क्षमा करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आयुष्यभर या घरात तुमचंच नाव ऐकलंय मी. सवत असती तरी एवढं ऐकावं लागलं नसतं."

"वहिनी!"

"मग काय खोटं आहे का? जा आत. मी चहा आणते."

ते खिडकीपाशी बसले होते. तिला बघताच चेहरा उजळला. "या लाटाबाई! हरायला आलात?" आणि मग जवळजवळ तासभर ते असे भांडले, की तिच्या अंगावर काटा आला. ठिणग्यांच्या बाजूने, एकही पाऊल न चुकता. पीळ, तुटणं, जोडलं जाणं. तिने आडवं लावलेलं प्रत्येक दार त्यांनी उघडून दाखवलं. ती चिडली, खरोखरीच चिडली, चहा तसाच राहिला. मध्येच तिने मुद्दाम एक कच्चा मुद्दा टाकला, त्यांनी तो चिमटीत धरून तिला परत केला. "हा तुमचा नव्हे. बाजारातून आणलात का?" तिला वाटलं, वहिनींचा काहीतरी गैरसमज आहे, डॉक्टरांचाही. माणसं उगाच घाबरतात. निघताना ते दारापर्यंत आले आणि तिच्या हातातल्या छत्रीकडे बघत म्हणाले, "येत जा. इथे भांडायला कोणी नसतं." स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी तिच्याकडे बघत होत्या. "होऊ द्या," ती म्हणाली. "मी आहे ना." जिना उतरताना ते शब्द तिला फार मोठे वाटायला लागले. मी आहे, म्हणजे काय आहे? आणि हेही तिला समजत होतं की तिने हे त्यांच्यासाठी ठरवलेलं नाही, निदान सगळं त्यांच्यासाठी नाही. तिला स्वतःला तो दिवस हवा होता. त्यांनी उभं राहावं, चष्मा वर सरकवावा आणि सगळ्यांदेखत तिला म्हणावं, कशावरून? पुन्हा एकदा. भुकेल्या माणसासारखं तिला ते हवं होतं, आणि त्यासाठी ती त्यांची अब्रू पणाला लावत होती.

मुलांच्या दिवशी दालन गजबजून गेलं होतं. मुलं खुर्च्यांवर गुडघे टेकून मागे वळून बोलत होती, शिक्षिका "श्शू" करून दमल्या होत्या. पहिल्या रांगेत संचालक, त्यांच्या शेजारी ती नवी संशोधक मुलगी. अगदी मागे, भिंतीला टेकून, मांडीवर पिशवी धरून वहिनी. ते कोट घालून आले होते, केस पाणी लावून बसवलेले. फळ्यावर तिने दोन रकाने आखले, एकावर लाटा लिहिलं, एकावर ठिणग्या. आधी ते उठले. दोन बोटांत रबरबँड धरून त्याला पीळ द्यायला लागले. "हा सूर्यावरचा गुंता," ते म्हणाले. "मी पिळतोय, पिळतोय... कोणाला भीती वाटतेय?" पहिल्या ओळीतल्या मुलांनी कानावर हात ठेवले. रबरबँड तटकन तुटला, एक मुलगी "आई गं" म्हणाली आणि सगळं दालन हसलं. ते बोलत होते, हात हलवत होते, आणि हात हलवता हलवता त्यांचं लक्ष भिंतीतल्या खुंटीला बांधलेल्या तिच्या दोरीकडे गेलं. ती दर वर्षी ती दोरी झटकून मुलांना लाट दाखवत असे. ते तिथे गेले. दोरीचं टोक त्यांनी उचललं, हातात जोखलं, झटकलं. लाट सळसळत खुंटीकडे गेली. त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा," ते म्हणाले. "ही खरी गोष्ट. खालून हिसका, वर लाट. डोळ्यांना दिसते. नाहीतर त्या ठिणग्या! ठिणग्या कोणी पाहिल्यात?"

संचालकांनी मान वळवून शेजारी काहीतरी विचारलं. संशोधक मुलीचा हात तोंडावर गेला. आणि मधल्या रांगेतून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. "पण तुम्ही आत्ताच म्हणालात ना, ठिणग्या खऱ्या म्हणून?" दालन शांत झालं. मुलांची शांतता मोठ्या माणसांच्या शांततेहून वाईट असते. ती खरोखरीच उत्तराची वाट बघते. दोरी त्यांच्या हातात लोंबत होती. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग तिच्याकडे, आणि त्या बघण्यात विनवणी नव्हती, भीती नव्हती, नुसती सभ्य अशी चौकशी होती, जशी रस्ता चुकलेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे करतो. ती उठली तेव्हा आपण काय बोलणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

"ते मीच सांगितलं होतं त्यांना," ती त्या मुलाला म्हणाली. "माझी बाजू तुम्ही थोडक्यात सांगून टाका म्हटलं, तो रबरबँड मला तोडवत नाही. भित्री आहे मी. आता माझं मी बोलते. मी ठिणग्यांची. आणि हे आमचे लाटेसाहेब."

मुलं हसली. त्यांनीही मान तुकवली, जणू हे सगळं आधीच ठरलं होतं. आणि तिने सुरुवात केली. दुसऱ्याचा कोट अंगात चढवावा आणि खिशात हात घालताच त्याच्या घराच्या किल्ल्या हाताला लागाव्यात तसं झालं. त्यांची वाक्यं तिला पाठ होती. पाठ केली नव्हती, होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठल्या शब्दाला बोट वर करायचं. तिला त्यांचा राग आला होता, हसू आलं होतं, कधी कधी रात्रीची झोप गेली होती, आणि त्या सगळ्यांतून ही वाक्यं तिच्यात झिरपून बसली होती. बोलता बोलता तिला ती बाजू पटायला लागली. ती त्यांच्या सगळ्यात जहाल मुद्द्यापाशी आली, ज्याच्यावर तिच्याकडे कधीच उत्तर नव्हतं. "आता मी तुम्हाला एक गंमत सांगते," ती मुलांना म्हणाली. "सूर्याची चित्रं घेतो ना आम्ही, त्यांच्यावर बारीक पांढरे ठिपके पडलेले असतात. बाहेरून भटकत आलेले कण कॅमेऱ्यावर आपटतात, त्यांचे ते डाग. मग आम्ही काय करतो? चित्र स्वच्छ करतो. एका चित्रात आहे आणि पुढच्यात नाही, असा ठिपका दिसला की कचरा म्हणून पुसून टाकतो. आता सांगा, ठिणगीसुद्धा क्षणभरच चमकते. मग आपण कचऱ्याबरोबर ठिणग्याही पुसल्या नसतील कशावरून? पुसायच्या आपण, आणि दिसत नाहीत म्हणूनही ओरडायचं आपणच!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. संशोधक मुलगी पुढे सरकून बसली होती. बोलणं संपवून ती त्यांच्याकडे वळली. ते दोरीचं टोक बोटांवर गुंडाळत होते. आता हे काय बोलतील, तिला वाटलं. इथे मी नेहमी चिडून विषय बदलत आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पुसल्या," ते शांतपणे म्हणाले. "धरून चालू. पण बाई, तापलेलं काहीही असू द्या, ते निवायला वेळ लागतोच ना? ठिणगी एका चित्रातली पुसलीत. तिची ऊब पुढच्या चित्रात असेल. त्याच्या पुढच्यात, थोडी आणखी मंद. बशीवरून कप उचलला तरी बशी कोमट राहते. ती ऊब दाखवा मला. ती तर कोणी पुसत नाही."

दालनात कोणीतरी खोकलं. हे उत्तर तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ते तिच्या बाजूचं होतं, तिच्या कामासाठीच कोणी घडवून ठेवल्यासारखं, आणि ते त्यांनी दिलं होतं, तिच्याविरुद्ध. उलट काही बोलायला हवं होतं. ठिणगोबा असते तर क्षणात बोलले असते. काय बोलले असते ते तिने शोधलं, आतल्या त्या आवाजाकडे कान लावला. कशावरून, एवढंही त्याने म्हटलं नाही. ते वाट बघत होते, उत्सुकतेने, प्रेमळपणे, तिला बोलायला हवा तेवढा वेळ देत, आणि इतके सुखात दिसत होते की तिने मान खाली घातली.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

कौल घेतला तेव्हा ठिणग्यांसाठी थोडेच हात वर झाले. मग लाटांसाठी शिक्षिकेने विचारलं आणि हातांचं रान उगवलं, काही मुलांनी तर दोन्ही हात वर केले. सगळं आयुष्य तिने ज्या बाजूला उभं राहून काढलं होतं ती बाजू भर दालनात जिंकली होती आणि ती पलीकडे उभी होती. संचालक पुढे येऊन तिचा हात हातात घेत म्हणाले, "काय कल्पना काढलीत मॅडम! बाजूंची अदलाबदल! आणि सर, तुमचा तो उबेचा मुद्दा छापा बरं कुठेतरी." संशोधक मुलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खुर्च्या सरळ करायला लागली. मुलं दारातून रेटारेटी करत बाहेर पडली. मागे वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या, पिशवी छातीशी धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षमा होती की नाही हे इतक्या लांबून दिसत नव्हतं.

हरलेल्याने फळा पुसायचा. तिने डस्टर घेतलं. आधी लाटांचा रकाना पुसला, मग ठिणग्यांचा. खडूची भुकटी बाहीवर पडत होती. ते तिच्या मागे येऊन उभे राहिले, मुलं जशी मोठ्यांचं काम बघत उभी राहतात तसे.

"छान बोललात," ते म्हणाले. "खरंच सांगतो. ठिणग्यांची बाजू इतकी नीट मांडलेली मी कधी ऐकली नव्हती. कोणाकडे शिकलात?"

तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. "होते एक आमच्यात," ती म्हणाली. "फार भांडायचे."

"असं? आज आले नाहीत ते?"

"नाही."

"यायला हवं होतं. शेवटी तुम्ही अडलात ना, तिथे त्यांच्याकडे काहीतरी उत्तर असणार. असल्या माणसांकडे असतं." ते जरा विचारात पडले. मग त्यांनी हलकेच तिच्या बाहीवरची खडूची भुकटी झटकली आणि कटातल्या सोबत्याशी बोलावं तसा आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षी बोलवा त्यांना. तुम्ही या आमच्या बाजूला. आपण दोघं मिळून हरवू."

वहिनी खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत जवळ येत होत्या.

"आले," ती फळ्याकडे बघत म्हणाली, "तर हरवू."